‘गंजीफ्राक’ : अर्थ आणि व्युत्पत्ती

प्रस्तुत लेखात ‘गंजीफ्राक’ या शब्दाच्या अर्थाचा व व्युत्पत्तीचा विचार केला आहे. सदऱ्याच्या आत घालावयाचे विणीचे सुती वस्त्र हा त्याचा मराठीतील रूढ अर्थ होय. आज हा शब्द मुख्यतः जुन्या पिढीच्या बोलण्यात आढळतो. लेखनात त्याच्या जागी ‘बनियन’ येतो आणि ‘गंजीफ्राक’ अपभ्रष्ट, काहीसा ग्राम्य समजला जातो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

‘गंजी’ या पदाचा गवताच्या गंजीशी किंवा सावंतवाडीच्या गंजिफांशी काहीही संबंध नाही. गंजिफा हा शब्द फारसीतून आलेला आहे. येथे केवळ ध्वनिसाम्य आहे. ‘गंजी’ म्हणजे इंग्लिश खाडीतील गर्न्झी हे बेट. तेथील विणकामाचा व्यवसाय सोळाव्या शतकापासून भरभराटीस आला. घट्ट पिळाच्या लोकरीचा, पुढून-मागून सारखाच असलेला, डोक्यावरून घालावयाचा सदरा हे तेथील प्रसिद्ध वस्त्र. दर्याचे तुषार त्यात सहसा झिरपत नसत, म्हणून खलाशांत तो लोकप्रिय झाला. इंग्रजीत त्यास ‘गर्न्झी फ्रॉक’ म्हणत. मराठीत फ्रॉक म्हणजे मुलींचा पोशाख. त्यामुळे हे दुसरे पद विनोदी वाटते. परंतु जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात मठवासी साधूंच्या झग्याचा वाचक होता व पुढे मजुरांच्या आणि खलाशांच्या सदऱ्यासही लागू झाला.

या शब्दाचे रूपच त्याच्या प्रवासाची साक्ष देते. गर्न्झीचे शेजारी बेट जर्सी. त्याच्या नावावरूनही विणीच्या वस्त्राचे नाव पडले आणि तेही मराठीत आले. मात्र ‘जर्सी’तील रकार टिकला, ‘गंजी’तील लोपला. नर्स, थर्मामीटर, जर्सी हे शब्द पुस्तके, शाळा, वर्तमानपत्रे यांच्या वाटेने आले. त्यांच्यामागे लिखित अक्षर होते. ‘गंजी’ कानाने आला. इंग्रजांच्या उच्चारात तो रकार ऐकू येत नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडील कोळी तर या सदऱ्यास ‘गॅन्झी’च म्हणतात. तेव्हा ज्यास आपण अपभ्रंश म्हणतो, तो वस्तुतः ऐकलेल्या उच्चाराशी प्रामाणिक आहे. गोदी, छावणी, बाजार येथे तो प्रथम उच्चारणाऱ्यांनी लेखी कागद मागे ठेवले नसावेत; त्यांचा दाखला म्हणजे हा शब्दच.

बंगालीत ‘गेंजी’ व बिहारकडील हिंदीत ‘गंजी’ एवढेच रूप रूढ आहे. ‘फ्राक’ हे शेपूट मराठीने राखले, आणि व्युत्पत्तीचा निर्णायक पुरावा तोच आहे.

परका शब्द का स्वीकारला गेला? बंडी, पैरण ही वस्त्रे मागावरच्या कापडाची, बेतून शिवलेली. विणीचे वस्त्र ताणले जाते, अंगाबरोबर हलते, त्यास बंद लागत नाहीत. मागावर विणणे आणि सुयांनी विणणे यांस मराठीत क्रियापदही एकच आहे. नव्या वस्तूस जुने नाव पुरेसे नव्हते. उष्ण हवामानात लोकरीच्या जागी सूत आले आणि वरचे वस्त्र आत गेले. नाव मात्र तेच राहिले.

‘बनियन’ची कथा उलट आहे. संस्कृत ‘वणिज्’पासून गुजराती ‘वाणियो’, त्यावरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत ‘बॅनियन’ अर्थात हिंदू व्यापारी. पुढे हिंदी पद्धतीच्या सैल झग्यास युरोपात हेच नाव मिळाले. सॅम्युएल पेपिसने १६६६ साली आपले चित्र काढवून घेताना असाच एक झगा भाड्याने आणला होता. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात मात्र ‘बॅनियन’ म्हणजे आत घालावयाचे वस्त्र, मूळचे मलमलीचे पण आता लवचीक विणीचे, असा अर्थ नोंदविलेला आहे. तोच अर्थ घेऊन हा शब्द मराठीत परतला. विलायती उच्चार दोन्ही शब्दांस सारखाच चिकटलेला असताना एकास शिष्ट व दुसऱ्यास ग्राम्य ठरविण्यास भाषाशास्त्रीय आधार दिसत नाही. व्युत्पत्तिकोशात दोघांचीही नोंद सारख्याच विस्ताराने व्हावयास हवी. ‘गंजीफ्राक’ची तर तो बोलणारे आहेत तोवर.