जर्मन अध्ययन (मुंबई)
जर्मन भाषा, साहित्य व संस्कृतीचे विद्यापीठीय शिक्षण. वरळीकर विद्यार्थ्याला एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील रानडे भवन गाठावे लागते. भाषावर्गांसाठी काळा घोड्याचे मॅक्सम्युलर भवन जवळचे. या अभ्यासाचा खरा कस अनुवादात लागतो. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्टचे ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले आणि विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्स बेनेविट्झ यांच्यासह ते बसवले. पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) हेही ब्रेख्टचेच रूपांतर. मूळ संहितेशी ताडून ही नाटके वाचणे हा या विषयातला सर्वांत फलदायी धडा होय. संशोधकांची जर्मनीकडची वाट या नाटकांहून जुनी: महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक वि. सी. सुकथनकर आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे या दोघांनीही बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली.