मु. पो. नोएडा

भरती झाल्यापासून एक गोष्ट मी शेकडो वेळा लिहिली असेल. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. रजेचा अर्ज असो की नॉमिनीचा फॉर्म, फौजी माणूस आधी गाव सांगतो. नोएडात पोस्टिंग आली आणि पहिल्यांदाच गाव नसलेला पत्ता लिहिला. सेक्टर, ब्लॉक, प्लॉट नंबर. झालं.

पण गावं आहेत. हरोला सेक्टर ५ मध्ये, अट्टा २७ मध्ये, निठारी ३१ मध्ये, छलेरा ४४ मध्ये. १७ एप्रिल १९७६ ला नोएडा प्राधिकरण स्थापन झालं, शेतजमिनी संपादित झाल्या आणि घरांचे पुंजके तेवढे सेक्टरांच्या मध्ये उरले. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की गल्ली अरुंद होते, म्हशी दिसतात, खाटेवर हुक्का दिसतो.

एका रविवारी अशाच एका खाटेवर बसलो. समोरचे ताऊ ऐंशीच्या पुढचे. मी म्हटलं, तुमचा जुना पत्ता काय होता? ते हसले. म्हणाले, "जन्मलो बुलंदशहर जिल्ह्यात, संसार केला गाझियाबाद जिल्ह्यात, आता मरणार गौतम बुद्ध नगरमध्ये. घर मात्र हेच!" हिशेब बरोबर आहे. १९७६ मध्ये गाझियाबाद जिल्हा झाला आणि १९९७ मध्ये गौतम बुद्ध नगर.

ही उलथापालथ पिन कोडात अजून वाचता येते. पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. नोएडाचा पिन २०१३०१, म्हणजे गाझियाबादच्या २०१ मधला. त्याच जिल्ह्यातल्या दादरीचा २०३२०७ आणि दनकौरचा २०३२०१. २०३ हे बुलंदशहरचे आकडे. जिल्हा बदलला तरी टपालखात्याने जुनी ओळख पुसली नाही.

ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा आम्हा फौजींसाठी ठेवला. म्हणून '५६ एपीओ' लिहिलेलं पत्र सियाचीनच्या पायथ्याशीही पोचतं. जवानाचं पोस्ट जवानाबरोबर चालतं.

आमच्या गावाला मात्र पिन कोड मिळालाच नाही. कोयना धरणाच्या शिवसागरात ते १९७२ च्या आधीच बुडालं. जमीन गेली, शाळा गेली, पोस्टही गेलं. माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी विखुरली. आजोबांच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड आहे. मजकूर साधा, भाताचा आणि बैलाचा. पण त्यावर गोल शिक्का आहे आणि शिक्क्यात गावाचं नाव. गाव खरोखर होतं याचा आमच्या घरातला तेवढाच सरकारी पुरावा. मी लहानपणी त्या कार्डावर पेनने रेघोट्या मारल्या होत्या. आजोबा मारायचे नाहीत, पण त्या दिवशी मारलं. का, ते या खाटेवर बसल्यावर कळलं.

परतताना गोल्फ कोर्सवरून गेलो. ११ सप्टेंबर १८०३ ला याच भागात दौलतराव शिंद्यांची फौज जनरल लेकविरुद्ध लढली आणि हरली. बुरक्याँ हा फ्रेंच अधिकारी तिचा सेनापती होता. दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली ती इथेच. इंग्रजांनी स्मारक उभारलं, त्यावर दोन्ही सेनापतींची नावं आहेत. ज्या गावांच्या शिवारात ही लढाई झाली, त्यांचं नाव नाही.

ताऊंनी निघताना विचारलं होतं, "फौजी, तेरा गाँव कौन सा?" मी पाण्याखालच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. बऱ्याच वर्षांनी ते नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं.

तुमच्या घरी जुनी पत्रं असतील तर रद्दीत देण्याआधी शिक्के वाचा. गाव गेलेलं असलं तर नाव वहीत लिहून ठेवा, पोस्टासकट.