जुहूच्या चिखलापासून टी-टूपर्यंत

कोरेगावहून परदेशी निघायचं म्हणजे आजही बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. तिथं ट्रॉली, चार्जिंग, रांग यावरून आपली कुरकुर सुरू होते. पण आधी काय होतं, बघा.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एकट्यानं जुहूला उतरले. विमानात रेडिओसुद्धा नव्हता. जुहूचं मैदान समुद्राकाठचं, पावसाळ्यात चिखलात बुडायचं. मग विमानं पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवायची. म्हणजे मुंबईची अडचण पुण्यानं निभावली! आज मात्र पुण्याहून परदेशी विमानं मोजकीच.

८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. २०१४ मध्ये टी-टू सुरू झालं, वर्षाला ४ कोटी प्रवाशांच्या हिशोबानं बांधलेलं.

इमारत वाढली, हे खरंच. पण गावाकडून पहिल्यांदाच दुबईला निघालेली आजी आत एकटीच जाते. तिकीट नसलेला नातू दारातच थांबतो. पुढं कुठल्या रांगेत उभं राहायचं, हे तिला मराठीत सांगणारं माणूस भेटणं, हीसुद्धा सोयच आहे. माझ्या मते, पहिली सोय तीच.