इंदूरचें खत

गांवचा उकिरडा हा इतिहासाचा विषय होऊं शकेल, असें सहसा कोणास वाटावयाचें नाहीं. तथापि 1924 ते 1931 या सात वर्षांत इंदुरास तो तसा झाला.

आल्बर्ट हॉवर्ड हे 1905 सालीं बिहारांतील पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. शिकवावयास आलेल्या या गृहस्थांनीं तेथील शेतकरी व पिकांवरील कीड यांनाच आपले गुरु मानलें. चीनमध्यें मातींतून निघालेलें सारें मातींतच परत जातें, हें फ्रँकलिन किंग यांच्या 1911 च्या ग्रंथांतून त्यांना उमगलें होतें. 1924 सालीं इंदुरास कृषिसंशोधनाची संस्था निघाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले.

पद्धत साधी होती. 30 फूट लांब, 14 फूट रुंद असे उथळ खड्डे. त्यांत पऱ्हाट्या, तण व पालापाचोळा. त्यांवर शेणकाला, राख आणि गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती. पऱ्हाट्या कठीण, म्हणून त्या आधीं रस्त्यावर पसरावयाच्या. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचीं चाकें त्यांचा फुकट चुरा करीत. ही युक्ति मला सगळ्या प्रयोगशाळेहून मोलाची वाटते! खड्डा तीन वेळां उलथिला म्हणजे आंत हवा खेळे, आणि तीन महिन्यांत काळेंभोर खत हातीं येई. एका बैलजोडीमागें वर्षास सुमारें 50 गाड्या खत, असा संस्थेचा हिशेब होता.

1931 सालीं यावर जें पुस्तक निघालें, त्यावर हॉवर्डांच्या जोडीनें यशवंत वाड यांचें नांव आहे. वाड संस्थेंत रसायनशास्त्राचें काम पाहत. हॉवर्ड पुढें 'सर' झाले, पद्धत आफ्रिकेच्या मळ्यांपर्यंत पोंचली. वाडांचें नांव आज किती जणांस ठाऊक आहे?

1935 सालीं महात्माजींनीं ही संस्था पाहिली, व 'हरिजन' पत्रांतून या खताचा पुरस्कार झाला. पण गांवांत एक अडचण होतीच. खड्ड्यास सर्व शेण लागत नसे, उरलेलें चुलीस मिळे, हें खरें. परंतु पऱ्हाट्या म्हणजे वऱ्हाड-माळव्याच्या घरधनिणीचें सरपण. त्या शेतास द्यावयाच्या, तर भाकरी कशावर भाजावयाची? चूल आणि शेत यांचें हें भांडण संस्थेच्या आवारांत दिसत नव्हतें.

1960 नंतर खादी-ग्रामोद्योग आयोगानें गोबरगॅसचा प्रसार केला, तेव्हां तें कांहींसें मिटलें: वायु चुलीस, रबडी शेतास. मात्र त्यासाठीं गोठ्यांत तीन-चार जनावरें हवींत. ज्यांच्या दारीं एकच गाय, त्यांच्या भिंतींवर गोवऱ्याच थापल्या जात राहिल्या.