जर्सीतला धूर #इतिहास

१/ १६ जुलै १९७० रोजी पिट्सबर्ग पायरेट्सचे बेसबॉलपटू कृत्रिम धागा मिसळलेल्या, ताणल्या जाणाऱ्या गणवेशात थ्री रिव्हर्स स्टेडियमवर उतरले. त्यापूर्वी अनेक दशके हा खेळ लोकरीच्या फ्लॅनेलमध्ये खेळला जाई. भर उन्हाळ्यातही!

२/ तंबाखूचे आणि बेसबॉलचे नाते जुने. होनस वॅग्नरचे सुप्रसिद्ध कार्ड सिगारेटच्या पाकिटातूनच निघाले. लोकरीचा धागा ओलाव्याप्रमाणे वासही धरून ठेवतो. म्हणून धुराच्या घरात राहिलेली जर्सी पेटीतून काढताच दर्प येतो.

३/ मग ती धुण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. गरम पाण्यात लोकर आटते, फेल्टच्या अक्षरांचा रंग पसरतो. ओझोन वास मारतो, पण धागा आणि रंगही झिजवतो. शिवाय घामाचे डाग, माती, रफू हीच तर ती जर्सी मैदानावर वापरल्याची साक्ष! एकदा धुतली गेली की परत मिळत नाही.

४/ जतनकारांची रीत संथ असते. जर्सी सावलीत, खेळत्या हवेत आडवी पसरायची. जाळी ठेवून मंद व्हॅक्यूमने धूळ टिपायची. मग बंद पेटीत सक्रिय कोळसा ठेवायचा, कापडाला न टेकवता. यात आठवडे जातात. एवढे करूनही किंचित दर्प उरलाच, तर तो तसाच राहू द्यावा.