नऊ मिलिमीटरची बार्शी लाइट

आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, त्यामुळे आमच्याकडे राजाराणीच्या गोष्टी कमी आणि बॉयलरच्या जास्त. त्यातली घरात कुणालाच न पटलेली गोष्ट म्हणजे, बार्शी लाइट ही छोटी रेल्वे बांधणाऱ्या साहेबाने पुढे विमानातून उडी मारायची छत्री केली. आजी म्हणायची, "ह्यांचं नेहमीचंच!" मी मात्र काड्यापेटीचे डबे आणि दोऱ्याच्या रिळांची चाकं जोडून गाडी करायचो आणि शेवटच्या डब्याला रुमालाची छत्री बांधायचो.

गोष्ट खरी निघाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जीआयपी रेल्वेतला इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. त्याआधी, 1897 मध्ये, बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी मार्ग त्याने सुरू केला. त्याची शक्कल अशी की, इंजिन असो की डबा, कुठल्याही आसाचा भार पाच टनांपुढे जाऊ द्यायचा नाही. म्हणजे हलके, स्वस्त रूळ चालतात आणि त्यांच्यावरून जड इंजिनही नेता येतं. गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. आषाढीला डबे पुरले नाहीत की वारकरी मालडब्यांतून जायचे, असं आजी सांगायची. एका वर्षी ती स्वतःही तशीच गेली होती. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत चढवताना हमालांच्या पाठीवरून पोती जायची, तो वेळ आणि ती मजुरी म्हणजे अरुंद रुळाची खरी किंमत. आजोबा हे मान्य करायचे, पण कुरकुरत.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 मध्ये उघडलं. तिथे गेल्यावर कळलं की, मोठी माणसंही हा खेळ खेळतात आणि लाजत नाहीत. मग मीही काड्यापेट्या सोडून मापाला लागलो. सर्वांत चालणारं माप एचओ, खऱ्याच्या 87 पट लहान, रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. तो बेतलाय परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या रुळावर. आपला ब्रॉडगेज 1676. त्यामुळे आपलं इंजिन त्या रुळावर ठेवलं की थोराड माणसाने धाकट्या भावाच्या चपला घातल्यासारखं दिसतं. पुष्कळ जण ते चालवून घेतात, मला खुपतं. बार्शी लाइटचे अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर, मात्र 87 ने भागले की पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचा एन गेज रूळ विकत तयार मिळतो! मोठ्या गाडीसमोर जन्मभर कमीपणा घेतलेली आमची गाडी इथे मापात चोख बसते. आजोबांना हे ऐकवायला हवं होतं.

घोळ आहे तो इंजिनात. लीड्सच्या किटसन कंपनीने दिलेल्या पहिल्या इंजिनांना चालत्या चाकांच्या चार जोड्या आणि मागे दोन जोड्या आधाराच्या. एवढा लांब सांगाडा टेबलावरच्या आखूड वळणात अडकतो, म्हणून मधल्या चाकांना आडवी ढील ठेवावी लागते. पण ते कानशीने जमतं. रंगाचं काय करायचं? जुने फोटो काळे-पांढरे. आजोबा डबे तांबडे सांगायचे, आत्या हिरवट म्हणते आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. कदाचित दोघांची वर्षं वेगळी असतील. आता जाऊन बघावं तर या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला.

तेव्हा सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या वाचकांना एक विनंती. घरात बार्शी लाइटचा एखादा फोटो असेल, तर थोरामोठ्यांना विचारून त्याच्या मागे स्टेशनचं नाव, साल आणि डब्याचा रंग लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा, शाई फुटते.