भूल उतरताना

भुलीचा इतिहास सांगताना १६ ऑक्टोबर १८४६ ही तारीख हटकून सांगितली जाते. त्या दिवशी बॉस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवले आणि त्याच्या मानेवरच्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. पण माणसाला निजवणे हे निम्मेच काम. त्याला सुखरूप जागे करण्याची विद्या वैद्यांना पुढे फार सावकाश शिकावी लागली, आणि तिचा पहिला धडा पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या प्राणांवर बेतला.

हॅना ग्रीनर ही इंग्लंडातल्या न्यूकॅसलजवळची मुलगी. पायाच्या अंगठ्याचे नख काढायचे, इतकेच दुखणे. पूर्वी अशाच एका नखाच्या वेळी ईथर घेऊन ती नीट शुद्धीवर आली होती. २८ जानेवारी १८४८ रोजी मात्र नवे औषध होते, क्लोरोफॉर्म. सिम्प्सनने ते एडिंबरोत सुरू करून तीनच महिने झाले होते. डॉक्टरांनी चमचाभर औषध फडक्यावर ओतून तिला हुंगवले. नख काढताना तिचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडावर पाणी मारले, घशात ब्रँडी घातली. पण काही मिनिटांतच सारे आटोपले.

मग वाद पेटला. सिम्प्सन म्हणाला, शुद्धीवर आणण्यासाठी घातलेल्या पाण्याने आणि ब्रँडीने ती गुदमरली. लंडनचा जॉन स्नो म्हणाला, फडक्यावरून औषधाची वाफ किती गेली याला मापच नव्हते. अखेरचा निवाडा कधीच झाला नाही. पण धडे दोन्ही टिकले. मात्रा मोजायची, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घालायचे नाही. याच स्नोने ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी रुमालावर थेंब थेंब क्लोरोफॉर्म दिला, आणि तिची शुद्ध अखेरपर्यंत हरपली नाही.

रोग्याची नाडी पाहावी की श्वास? आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली याच प्रश्नावर दोन समित्या बसल्या. डॉ. लॉरी यांचा सारा भर श्वासावर होता. पुढे कळले की दोन्हींवर नजर हवी.

ती नजर कशी ठेवावी, याचे सोपे गुणपत्रक १९७० साली आल्ड्रेटे या डॉक्टरने मांडले: हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग. प्रत्येकी दोन गुण. दहापैकी निदान नऊ मिळाल्याखेरीज रोग्याला देखरेखीच्या खोलीतून हलवायचे नाही. पुढे रंगाची जागा रक्तातल्या प्राणवायूच्या मापाने घेतली.

आज किरकोळ तपासणीसाठीही गुंगीचे औषध देतात आणि रोगी संध्याकाळी घरी येतो. “मला काही झालेले नाही,” असे तो ठासून सांगतो. पण डोळे उघडले तरी विवेक अजून पेंगत असतो. म्हणून चोवीस तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये आणि जवळ कोणी जाणते माणूस असावे, असे डॉक्टर बजावतात. अशा वेळी घरच्यांनी रोग्याचे न ऐकता डॉक्टरांचे ऐकावे आणि ती एक रात्र त्याच्या उशाशी बसावे.